इंटरनॅशनल पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स: आधी छेद विचारा

हे ब्रिटनमधल्या सार्वजनिक आरोग्याच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीबद्दल, म्हणजे एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) किंवा एमएस्सीबद्दल आहे. सप्टेंबरमध्ये सुरू होतं, पुढच्या सप्टेंबरपर्यंत संपतं. एकूण १८० क्रेडिट, एका क्रेडिटला साधारण दहा तासांचा अभ्यास, म्हणजे १८०० तास. त्यातली बहुतेक ठिकाणी ६० क्रेडिट प्रबंधाची. वर्गातले तास पाहून अभ्यासक्रम हलका वाटतो, पण उरलेलं सगळं वाचन आपलं आपण करायचं असतं आणि ते कोणी विचारत नाही. गुणांचंही आधी समजून घ्या: ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पहिल्या निबंधाला ६२ मिळाले म्हणून घरी रडका फोन करायचं कारण नाही. ते चांगले गुण आहेत.

एमबीबीएस, बीएएमएस, बीडीएस करून येणाऱ्यांना औषधं किंवा रोग अवघड जात नाहीत. अवघड जातं ते जुनी सवय मोडणं. समोरच्या पेशंटचा विचार करून करून डोकं तसंच घडलेलं असतं. ‘आमच्या ओपीडीत या महिन्यात डेंग्यूचे ४० पेशंट आले’ हे इथे अर्धंच वाक्य आहे. किती लोकवस्तीतून आले? तपासणी किती जणांची झाली? गेल्या वर्षी याच महिन्यात किती होते? छेद नसेल तर अंशाला अर्थ नाही. एमएसडब्ल्यू किंवा संख्याशास्त्रातून आलेल्यांना हे लवकर जमतं. त्यांना रोगांची नावं शिकावी लागतात, इतकंच.

एक गणित कागदावर करून पाहा, कारण परीक्षेत ते फिरून फिरून येतं. एका चाचणीची संवेदनशीलता (आजाऱ्यांना आजारी म्हणून ओळखण्याचं प्रमाण) ९० टक्के, विशिष्टता (निरोग्यांना निरोगी म्हणून ओळखण्याचं प्रमाण) ९५ टक्के. दहा हजार लोकांची तपासणी केली आणि त्यांच्यात आजाराचं प्रमाण १ टक्का आहे. म्हणजे आजारी १००, त्यातले ९० पकडले गेले. निरोगी ९,९००, त्यांच्यातले ५ टक्के म्हणजे ४९५ जण विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण ५८५ पॉझिटिव्ह, खरे त्यातले ९०, सुमारे १५ टक्के. आता प्रमाण २० टक्के धरा: १,८०० खरे, ४०० खोटे, म्हणजे सुमारे ८२ टक्के. चाचणी तीच, लोक बदलले. ‘सगळ्यांची तपासणी करा’ या मागणीवर निबंध आला की इथून सुरुवात करावी.

दुसरी हमखास चूक ऑड्स रेशोची. धुराच्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या १०० पैकी ६० जणींना खोकला आणि गॅसवाल्या १०० पैकी ४० जणींना, असं समजा. जोखीम दीडपट झाली. ऑड्स रेशोत मात्र खोकला असलेल्यांना नसलेल्यांनी भागून दोन गटांची तुलना करतात: ६०/४० भागिले ४०/६०, म्हणजे २.२५. आजार दुर्मिळ असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे. इथे तो दुर्मिळ नाही, त्यामुळे ‘सव्वादोनपट धोका’ लिहिलंत की परीक्षक लाल रेघ ओढणारच. शिवाय चूल वापरणाऱ्या घरात गरिबी, दाटीवाटी आणि कुपोषणही असतं. खोकला नेमका कशाचा, हे वेगळं काढणं म्हणजेच कन्फाउंडिंगचा प्रश्न.

तत्त्वांच्या मोड्यूलमध्ये आल्मा-आता टाळता येत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या या शहरात भरलेल्या जागतिक परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी ‘एवढं सगळं परवडणार नाही, निवडक आजारांवर भर द्या’ असा प्रतिवाद आला. लस, ओआरएस, स्तनपान यांवरच्या ठरावीक मोहिमा की गावातली सगळी आरोग्यव्यवस्था, हा वाद अजून मिटलेला नाही. पोलिओ हे मोहिमेच्या बाजूचं भक्कम उदाहरण: भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये, हावड्यात. दुसऱ्या बाजूला जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प. आरोळे दांपत्याचं काम १९७० मध्ये सुरू झालं आणि आल्मा-आताच्या आधी, १९७५ मध्ये, डब्ल्यूएचओने प्रसिद्ध केलेल्या अनुभवांच्या संकलनात ते होतं. मराठी विद्यार्थी लंडनला जाऊन आफ्रिकेतली उदाहरणं पाठ करतात आणि हे सोडून देतात, याचं नवल वाटतं.

पण अभिमानाने लिहू नका, तपासून लिहा. गडचिरोलीतल्या नवजात बालकांच्या घरगुती काळजीच्या प्रयोगात ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. निष्कर्ष १९९९ मध्ये आले. गावांची विभागणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती, मग दोन्ही गट आधीपासून सारखे होते का? प्रशिक्षण आणि देखरेख तिथे होती तितकी सरकारी योजनेत राहते का? २०११ पासून आशा ताई घरभेटी देतात, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा, घरी जन्मलेल्याला सात. प्रयोग ते योजना या प्रवासात काय गळलं, हे लिहिणाऱ्याला गुण मिळतात. ‘हा प्रकल्प अत्यंत यशस्वी ठरला’ एवढ्यावर थांबलेल्या निबंधाला मिळत नाहीत.

प्रबंधाचा विषय डिसेंबरपर्यंत ठरवा. भारतात येऊन मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाची आणि भारतातली, अशा दोन्ही नैतिक समित्यांची परवानगी लागते. परदेशी संस्थेचा सहभाग असला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा विषयही निघू शकतो. उन्हाळ्याचे तीन महिने त्यातच जातात. बहुतेकांनी तयार डेटा घ्यावा हे बरं. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ७०७ जिल्ह्यांतली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं आहेत. मात्र त्यात भारांक, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं ते आकडे, वापरावेच लागतात. फाइलमध्ये ते दशांशचिन्हाशिवाय साठवलेले असतात, म्हणून आधी दहा लाखांनी भागायचे. मग सॉफ्टवेअरला भारांक, क्लस्टर (एकाच ठिकाणाहून निवडलेल्या घरांचा गट) आणि स्तर (नमुना निवडण्याआधी केलेले विभाग) तिन्ही सांगायचे. क्लस्टर विसरलात तर स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, खोटी लहान येते आणि नसलेला फरक ठळक दिसतो. विश्लेषणाआधी रिकामे तक्ते आखून ठेवा: कोणता स्तंभ, कोणती ओळ, छेद कोणता. तक्ता आखता येत नसेल तर प्रश्न अजून नीट झालेला नाही.

एकट्याने तीन महिन्यांत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा, करायचा मोह टाळा. तिथे अभ्यासांची निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते.

पैशांचं: ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं बंधन असतं. या पदवीने ब्रिटनमध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळत नाही. कामाचा अनुभव नसेल तर आधी दोन वर्षं जिल्हा कार्यक्रमात किंवा एखाद्या संस्थेत काम करून जा. मुलाखतीत डब्ल्यूएचओचे नियम कोणी विचारत नाही, शीतसाखळी (लसी सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) तुटली तेव्हा काय केलं हे विचारतात.