पिवळ्या पायांची गांधीलमाशी दिसली तर चप्पल नको, फोन काढा

आम्ही इंग्लंडमधल्या केंटमध्ये राहतो, इथे अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या प्लॉटवर, थोडी मेथी-कोथिंबीर लावतो. एकदा पाण्याच्या पिंपावर ही भलीमोठी गांधीलमाशी दिसली, मी सवयीने चप्पल उचलली तर शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी हातच धरला, म्हणाले थांब, आधी पाय बघ. पाय तपकिरी होते, म्हणजे इथलीच, बिचारी वाचली.

ज्या माशीची सगळ्यांना धास्ती आहे ती एशियन हॉर्नेट, म्हणजे पिवळ्या पायांची परदेशी गांधीलमाशी. फ्रान्समध्ये 2004 ला सापडली, चीनहून आलेल्या मातीच्या भांड्यांच्या मालातून आली असं मानतात, आणि ब्रिटनमध्ये 2016 ला. 2023 मध्ये तर इथे 72 घरटी सापडली, त्यातली बरीच केंटमध्येच. ती मधमाश्यांच्या पेट्यांसमोर हवेत तरंगत मधमाश्या उचलते. आशियातल्या सातेरीच्या जातीच्या मधमाश्या तिला घोळक्याने घेरून उष्णतेनेच मारतात, इथल्या मेलिफेराला, म्हणजे युरोपियन मधमाशीला, ते नीट जमत नाही.

ओळखायचं कसं? काळपट अंग, पोटाच्या शेवटाकडे एकच ठळक नारिंगी-पिवळा पट्टा, आणि पायात पिवळे मोजे घातल्यासारखे. इथली देशी हॉर्नेट उलट मोठी असते आणि तिचं पोट बरंचसं पिवळं. देशीला मारू नका हां, ती गरीब आहे.

तर, दिसली की फोटो काढायचा, धूसर आला तरी चालेल पण पाय आणि पोट दिसू दे, आणि एशियन हॉर्नेट वॉच या ॲपवर टाकायचा, जागा आणि वेळेसकट. मारू नका हे परत सांगतो कारण मेलेली माशी घर दाखवत नाही, जिवंत माशी पोट भरलं की सरळ घरट्याकडे जाते. म्हणून ती कुठल्या दिशेला उडाली तेही लिहा, चर्चकडे, रेल्वेकडे, काहीही. दोन प्लॉटवरून दोन दिशा मिळाल्या की नकाशावर रेघा कुठे छेदतात ते बघता येतं, आणि हे एकट्याला जमणारं नाही, म्हणून आमचा प्लॉटवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात भेंडीच्या रोपांची देवाणघेवाण पण होते म्हणा. जर्सी बेटावर तर व्हॉलंटियर माशीला रंगाचा ठिपका देऊन ती किती मिनिटांनी परत येते ते मोजतात, साधारण एका मिनिटाला घरटं शंभर मीटर लांब असा त्यांचा अंदाज. पण ब्रिटनमध्ये पकडून परत सोडायचं काम सरकारी मधमाशी इन्स्पेक्टरांचं, आपण करायचं नाही.

आपल्याला जमेल ते म्हणजे आमिष. बशीत खडे, त्यावर साखर घातलेली बिअर, आणि रोज नजर. उन्हाळ्यात अळ्यांना मांस लागतं म्हणून कोळंबीची सालं पण ठेवतात (वास सहन करायची तयारी ठेवा, बायको दोन दिवस बोलली नव्हती). माश्या बुडून मरतील असे बाटलीचे सापळे मात्र नकोत, त्यात बाकीचे किडेच जास्त जातात.

घरटं दिसलं तर लांब राहा, काठी-धूर काही नाही, फक्त कळवा. वसंतात ते छोटं असतं, शेडच्या छपराखाली वगैरे, नंतर बहुतेक वेळा उंच झाडावर जातं आणि पानांत दिसतच नाही. नोव्हेंबरात पानं गळली की मान वर करून एकदा सगळी झाडं बघून घ्या, रिकामं घरटं दिसलं तरी ॲपवर टाका, त्यातून राण्या बाहेर पडल्या असतील तर पुढच्या वसंतात बश्या तिथेच जवळपास मांडाव्या लागतील.