दांडी टाका: वळणाची रेघ गुळगुळीत कशी येते

बेळगाव-धारवाडकडच्या कसुती भरतकामात कापडाचे धागे मोजून उभे, आडवे, तिरके टाके घालतात. त्यातला टाका गवंती असो की मुरगी, गोल वळण त्यात नाही. म्हणून कसुतीत बसलेला हात वेलीच्या देठावर अडखळतो. दांडी टाक्यात, म्हणजे देठ-वेलीची रेघ भरायच्या टाक्यात, धागे मोजायचे नाहीत, पेन्सिलीच्या रेघेवर चालायचं.

कापड सुती, धुऊन आटवलेलं घ्या. सहापदरी लडीतला दोरा हातभर, म्हणजे ४५ सेंमीच कापा. लांब दोरा पिसतो. पदर एकेक करून सुटे ओढा आणि दोन पुन्हा जुळवा. सुई ८ नंबरची. रिंगमध्ये कापड ताणून बसवा, फक्त उभी-आडवी वीण वाकडी होऊ देऊ नका.

काम डावीकडून उजवीकडे. रेघेच्या टोकाला सुई वर काढा. उजवीकडे ४ मिमीवर खाली घाला आणि मागे येऊन निम्म्यावर, २ मिमीवर, वर काढा. दोरा डाव्या अंगठ्याने रेघेच्या खालच्या बाजूला दाबून ठेवा. पुढचा टाका सुरुवातीपासून ६ मिमीवर खाली, आणि वर यायचं ते पहिला टाका जिथे संपला त्याच भोकातून. पुढे हेच: शेवटच्या भोकापुढे २ मिमी जायचं, त्याच भोकातून वर यायचं.

सगळी मेख या भोकात आहे. कापड उलटं करून पाहा: मागे सलग उलटी टीप दिसली पाहिजे. टिपा एकमेकींवर चढल्या असतील तर सुई भोकाच्या अलीकडे वर येते आहे. फट असेल तर पलीकडे.

पुढून टाक्यांचा दोरीसारखा पीळ मध्येच मोडलेला दिसला, तर तिथे दोरा रेघेच्या वर गेलाय. वळण उलटं फिरलं तरी दोऱ्याची बाजू बदलायची नाही. वळणावर टाका आखूड करा, ४ ऐवजी ३ मिमी, अगदी घट्ट वळणाला अडीच. लांब टाके वळणाला कोपरे पाडतात. कापड चुणलं तर दोरा जास्त ओढला जातोय. टाका कापडावर नुसता टेकला तरी पुरे. दोऱ्याला जादा पीळ चढला की सुई लोंबती सोडा, पीळ आपोआप उतरतो.

पानाच्या टोकाशी मात्र टाका पुरा संपवून दोरा मागे न्या, मागच्या टाक्याखाली अडकवा आणि नव्या दिशेने सुरू करा. शेवटी गाठ नको, मागच्या चार-पाच टाक्यांतून दोरा ओवून कापा. खानापूरच्या पावसात सुई कापडात टोचून ठेवू नका. गंजाचा डाग धुऊन जात नाही.