उद्या पहिलं वाचन तुमचं आहे

शनिवारी रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, ‘उद्या सातच्या मिस्सेला पहिलं वाचन तुमचं.’ पहिलं वाचन म्हणजे मिस्सेत, आमच्या कॅथलिक उपासनेत, बायबलमधून वाचायचा पहिला उतारा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात हा निरोप आला तर माझी एकच विनंती असते. बायबल तेव्हाच उघडा, सकाळी सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, उभ्या उभ्या उघडू नका. आमच्या वसईकडे वाचकांची यादी महिनाभर आधी लागलेली असते, तरी निम्मे जण आदल्या रात्री जागे होतात. मी शाळेत मराठी शिकवलं, आता चर्चमधल्या वाचकांची तयारी करून घेते. त्यामुळे पुढचं सगळं जरा बाईंच्या सुरात येईल, सांभाळून घ्या.

आधी वर्ष कोणतं ते बघा. रविवारची वाचनं अ, ब, क अशी तीन वर्षांची फिरती असतात. सनाच्या आकड्याला ३ ने भागा. बाकी शून्य आली तर क, एक आली तर अ, दोन आली तर ब. २०२६ ला बाकी एक, म्हणजे अ. फक्त एवढं लक्षात ठेवा की चर्चचं नवं वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं, जानेवारीत नाही. उपवासकाळापुरता हा घोळ होत नाही, तो येतो डिसेंबरात.

आता मुद्द्याचं. वर्षभर सामान्य रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाला, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या उताऱ्याला, जुळेल असं निवडलेलं असतं. उपवासकाळात मात्र ते स्वतःच्या वाटेनं चालतं. अ वर्षात पहिल्या रविवारी एदेन बाग आणि सर्प, दुसऱ्याला अब्राहामाला आलेली हाक, तिसऱ्याला वाळवंटात पाण्यावरून झालेली कुरकुर, चौथ्याला दावीदाचा अभिषेक, पाचव्याला यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देवाचं अभिवचन, मी तुमच्या कबरी उघडीन. माणूस पापात पडल्यापासून कबर उघडेपर्यंतची ही एकच गोष्ट आहे आणि पाच रविवारी पाच वाचक मिळून ती सांगतात. तुमच्या वाट्याला तिसरा रविवार आला असेल, तर दुसऱ्याचं आणि चौथ्याचं वाचनही घरी वाचून या. मागचा वाचक गोष्ट कुठे सोडून गेला आणि पुढचा कुठून उचलणार हे माहीत असलं की आवाज आपोआप बदलतो. मी हे समजावायला जात नाही, सरळ पाचही वाचनं एका बैठकीत मोठ्यानं वाचायला लावते.

मोठ्यानं हे महत्त्वाचं. डोळ्यांनी वाचताना अडखळण कळत नाही. ‘नबुखद्नेस्सर’ मनातल्या मनात सगळ्यांना येतो. आणि तालीम घरच्यांसमोर करा. समोरच्याच्या हातात पुस्तक देऊ नका, नुसतं ऐकायला सांगा. शेवटी विचारा, काय झालं वाचनात? त्यांना सांगता आलं तर तुमचं काम झालं. चर्चमध्ये बसलेल्या आजीच्या हातातही पुस्तक नसतं. चष्मा घरी राहिलेला असतो, मिस्सेच्या पत्रिकेवर नातू चित्रं काढत असतो. तिला देवाचं वचन तुमच्या आवाजातूनच मिळणार. नहेम्याच्या ८ व्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लोक रडतात. ते ग्रंथ स्पष्टपणे वाचून अर्थ समजावत होते असं तिथे लिहिलंय. यापेक्षा वेगळी नियमावली मला ठाऊक नाही.

इंग्रजी माध्यमातली मुलं हल्ली देवनागरी वाचताना चाचरतात आणि मग रोमन अक्षरांत लिहून आणतात. माझा त्याला विरोध आहे. रोमनमध्ये ‘बळ’ आणि ‘बाल’ दिसायला जवळजवळ सारखेच, आणि मग यशयाचं वाचन भलतीकडेच जातं. त्यापेक्षा वाचनाची झेरॉक्स काढा, अक्षर मोठं करून घ्या आणि पेन्सिलीनं खुणा करा. श्वासाला एक रेघ, थांब्याला दोन, अवघड नावाखाली टिंब. घरी तुम्ही कादोडी बोला, वाडवळी बोला, त्याची लाज नको. पुणेरी हेल काढायचा प्रयत्न तर मुळीच नको. शब्द पूर्ण उच्चारा, शेवटचं अक्षर गिळू नका, बस.

अ वर्षातलीच वाचनं थोडं जवळून बघू. चौथ्या रविवारचं वाचन शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथातलं, अध्याय १६. संदेष्टा शमुवेल नव्या राजाचा अभिषेक करायला इशायाच्या घरी येतो, थोरल्या अलियाबाला बघून त्याला वाटतं, हाच. देव म्हणतो, त्याच्या रूपाकडे आणि उंचीकडे बघू नकोस. वाचनग्रंथात, म्हणजे मिस्सेच्या उताऱ्यांच्या पुस्तकात, मधली दोन वचनं गाळलेली आहेत, त्यामुळे अबीनादाब आणि शम्मा तुमच्यासमोर येत नाहीत. घरच्या बायबलवरून तयारी केलीत तर तिथे गोंधळाल. सात मुलगे पुढून जातात आणि शमुवेल विचारतो, सगळे मुलगे एवढेच का? इथे दोन रेघांचा थांबा घ्या. लोकांनाही क्षणभर वाटू द्या की संपले सगळे. मग बापाचं उत्तर जरा हलक्या आवाजात, धाकटा राहिलाय, तो मेंढरं राखतोय. या वाक्यात बापाला धाकट्याची आठवणसुद्धा नव्हती हे दडलंय. ते अभिनय करून दाखवू नका. थांबा बरोबर पडला तर ते ऐकू येतंच.

तिसऱ्या रविवारचं निर्गमातलं वाचन, अध्याय १७, वाचायला सोपं वाटतं. लोक तहानलेले आहेत आणि मोशेवर ओरडतात, आम्हाला, आमच्या मुलांना, गुरांना तहानेनं मारायला मिसरातून आणलंस का? टँकरची वाट पाहिलेल्या वसईकराला हा सूर शिकवावा लागत नाही. मात्र लोकांचा राग वाचताना इतके रंगून जाऊ नका की शेवटचं वाक्य हातातून सुटेल. परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? वाचन या प्रश्नावर संपतं. त्यानंतर किमान एक श्वास थांबून मगच समारोपाचे शब्द म्हणा. घाईनं जोडलेत तर प्रश्न विरून जातो. लगेच येणारं स्तोत्र ९५ त्याच ठिकाणाचं, मरीबाचं, नाव घेऊन सांगतं, आज त्याची वाणी ऐकाल तर मनं कठीण करू नका. स्तोत्र गाणारे असतील तर उत्तमच. नसतील तर वाचकानं ध्रुपद एकदा स्पष्ट म्हणायचं आणि लोकांना वेळ द्यायचा, त्यांच्याआधी पुढच्या कडव्यात उडी मारायची नाही.

दुसरं वाचन मिळालेल्यांनी माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नये. प्रेषित पौल पत्रांत लांब वाक्यं लिहितो, त्याला इलाज नाही. पहिल्या रविवारचं रोमकरांस पत्र, ५ वा अध्याय, हे वर्षातल्या अवघड वाचनांपैकी एक. त्याचा आखूड पर्यायही वाचनग्रंथात असतो, फादरना आधी विचारून घ्या. लांब वाचायचं ठरलं तर ‘एका’ आणि ‘पुष्कळ’ या दोन शब्दांना धरून चाला. एका माणसामुळे मरण, एकामुळे कृपा. बाकी शब्द त्यांच्याभोवती हलके ठेवा.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी योएल संदेष्ट्याचं वाचन येतं. वस्त्रं फाडू नका, हृदयं फाडा, हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यापुढची यादी जास्त महत्त्वाची वाटते. वडीलधाऱ्यांना जमवा, मुलांना जमवा, अंगावर पिणाऱ्या तान्ह्यांना जमवा, नवरा-नवरीही खोलीतून बाहेर येवोत. बहुतेक वाचक ही यादी किराण्याची असल्यासारखी उरकतात. वाचनपीठावरून समोर बघा, ही सगळी माणसं खरोखर बसलेली असतात. मागच्या बाकावर कुणाचं तरी बाळ रडतच असतं. प्रत्येक गटानंतर अर्धा श्वास थांबा.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाटून वाचतात. प्रभूचे शब्द शक्यतो धर्मगुरू घेतात, उरलेलं निवेदक आणि इतर पात्रं. निवेदक सगळ्यात पक्का वाचक हवा, कारण मोठा भाग त्याचाच असतो. उत्तम शुक्रवारी दरवर्षी योहानाचे १८ आणि १९ हे अध्याय. प्रभूनं प्राण सोडल्यावर सगळे गुडघे टेकतात, तेव्हा निवेदकानंही टेकायचे. पान हातात धरून उभं राहायचं नाही. आणि जमावाचे शब्द लोकांना द्या. ‘क्रुसावर खिळा’ हे आपल्याच तोंडून निघालेलं ऐकू आलं पाहिजे.

काही बारीक गोष्टी. बांगड्यांचा किणकिणाट माइकवर घंटेएवढा ऐकू येतो, त्या दिवशी एकच घाला. माइकवर टकटक करून बघू नका, मिस्सेआधी दोन वाक्यं वाचून बघा. मार्चच्या उकाड्यात पंखे जोरात असतात, सुटा कागद उडतो. तालीम झेरॉक्सवरून, वाचन मात्र वाचनग्रंथातूनच, आणि त्याची फीत योग्य पानावर आहे ना हे स्वतः बघा. ‘पहिले वाचन’ हा मथळा आणि वरचा लाल अक्षरातला मजकूर वाचायचा नसतो. उपवासकाळात आलेलुया नसतो, शुभवर्तमानाआधी दुसरा जयघोष असतो. सवयीनं तोंडातून गेलं की गायनवृंद तुमच्याकडे बघतो.

वाचकपदाची अधिकृत सेवा स्त्रियांना पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये खुली केली. आमच्याकडे बायका त्याआधी कितीतरी वर्षं वाचनपीठावर उभ्या राहत आल्या आहेत, मीही त्यातलीच. त्यामुळे ‘मला जमेल का’ असं विचारणाऱ्या सुनांना मी यादीत परस्पर टाकते.

पास्काच्या जागरणाला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, जुन्या करारातली सात वाचनं असतात. काही धर्मग्रामांत कमी घेतात, पण तांबड्या समुद्राचं निर्गम १४ कधीच वगळता येत नाही. त्या रात्रीचे वाचक मी झावळ्यांच्या रविवारच्या आधीच ठरवते. उत्पत्तीचा पहिला अध्याय ज्याला मिळेल त्यानं ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हे प्रत्येक वेळी सारख्याच सुरात म्हणायचं, सहाव्या दिवशी कंटाळा दिसता कामा नये. गावाला जाणार असाल तर बदली तुम्हीच शोधा आणि मला गुरुवारपर्यंत कळवा. शनिवारी साडेनऊचा निरोप मी त्या आठवड्यात पाठवत नाही.