प्रत्येक जर्मन रणगाडा ‘टायगर’ नसतो : युद्धकाळातले फोटो ओळखताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या उद्ध्वस्त आणि पकडलेल्या जर्मन रणगाड्यांचे असंख्य फोटो आज घरबसल्या बघता येतात. त्यांतल्या बऱ्याच फोटोंखालची ओळ चुकीची असते, आणि एकानं चूक केली की पुढचे सगळे तीच उतरवून घेतात. अशा फोटोतल्या लोखंडात बऱ्याचदा माणसं मेलेली असतात. ती कुठे, केव्हा, कोणत्या गाड्यात मेली हे तरी नीट लिहिलं जावं, एवढं आपण त्यांचं देणं लागतो. त्यासाठी एक सवय लावून घ्या : आधी फोटो वाचा, फोटोओळ शेवटी.

दिसला गाडा की म्हण टायगर

ही सगळ्यात जुनी चूक, खुद्द युद्धातच सुरू झालेली. टायगर १ बनले साधारण १,३५०. पॅन्झर ४ मात्र साडेआठ हजारांच्या आसपास आणि पँथर सुमारे सहा हजार. तरीही १९४४ साली नॉर्मंडीत लढणाऱ्या ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना जिकडेतिकडे टायगर दिसत होते. पॅन्झर ४ च्या बुरुजाभोवती (बुरूज म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) आणि दोन्ही बाजूंना पातळ पत्रे लावलेले असत. त्यामुळे तो चौकोनी, थोराड दिसे आणि लांबून टायगरच वाटे. सैनिकानं टायगर सांगितलं, फोटोग्राफरनं तेच लिहिलं. त्यामुळे फोटोमागचा मजकूर त्या काळातलाच आहे म्हणून गाड्याचा प्रकारही बरोबर, असं धरून चालू नका.

मग ओळखायचं कशावरून? चाकांवरून. तोफ तुटते, बुरूज उडतो, पत्रे गळून पडतात. चाकं बहुधा जागेवर राहतात. एका बाजूला सहा लहान चाकं असतील तर पॅन्झर ३. आठ लहान चाकं, तीही जोडीजोडीनं बसवलेली, तर पॅन्झर ४. मोठी चाकं एकमेकांवर चढलेली दिसली तर टायगर किंवा पँथर, आणि तिथे समोरचं चिलखत बघा : टायगर १ चं जवळजवळ उभं, पँथरचं चांगलंच तिरकं. टायगर २ चं चिलखतही तिरकं असल्यानं तो पँथर म्हणून खपून जातो. त्याच्या एका बाजूला चाकांचे नऊ आस असतात, पँथरच्या आठ. चारच मोठी चाकं आणि अंगभर रिव्हेट असतील तर तो चेक बनावटीचा पॅन्झर ३८(टी).

बुरूज नसलेल्या गाड्यांनाही हाच हिशोब लागू पडतो. स्टुग ३ आणि स्टुग ४ वरून इतके सारखे दिसतात की भले भले गोंधळतात. खाली सहा चाकं असतील तर तीन, आठ असतील तर चार.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जळालेल्या गाड्याच्या चाकांचं रबर जळून जातं, त्यामुळे चाकं मूळ मापापेक्षा लहान दिसतात. आगीच्या उष्णतेनं टॉर्शन बारचा, म्हणजे चाकांना स्प्रिंगसारखं तोलणाऱ्या पोलादी दांड्यांचा, ताण जातो आणि अख्खं धड खाली बसतं. पँथरची बाहेरच्या रांगेतली दोन-तीन चाकं उडालेली असतील तर तो वेगळाच गाडा वाटू लागतो. तेव्हा चाकं सोडून आस मोजा.

क्रॉस म्हणजे जर्मन, तारा म्हणजे दोस्त राष्ट्रांचा?

रंगवलेली खूण सांगते ती गाडा कोण वापरत होतं हे, आणि कधीकधी तेही खोटंच सांगते. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधल्या आर्देनच्या लढाईत जर्मनांच्या १५० व्या पॅन्झर ब्रिगेडनं काही पँथरना पत्रे ठोकून एम-१० या अमेरिकन रणगाडाविरोधी गाड्याचं सोंग दिलं आणि त्यांवर पांढरे तारे रंगवले. माल्मेडीजवळ निकामी झालेल्या या गाड्यांचे फोटो बघताना फसायला होतं. खालची एकमेकांवर चढलेली चाकं मात्र सोंगातही लपली नव्हती.

उलट प्रकारही भरपूर आहेत. जर्मनांनी पकडलेल्या सोव्हिएत टी-३४ आणि फ्रेंच बी-१ गाड्यांवर जर्मन क्रॉस असत. ब्रिटिश कोल्डस्ट्रीम गार्ड्सनी १९४४-४५ मध्ये हाती लागलेला एक पँथर ‘कुकू’ नावानं स्वतःच वापरला. सोव्हिएत सैन्यानं पकडलेल्या पॅन्झर ३ च्या सांगाड्यांवर एसयू-७६आय नावाची, गाड्यासकट स्वतः चालत जाणारी तोफ बांधली. फिनलंडच्या स्टुगवरचं स्वस्तिक ही तर त्या देशाची स्वतःची खूण. ते दिसलं म्हणून गाडा जर्मन तुकडीचा ठरत नाही.

बुरुजावरच्या आकड्यांचंही असंच आहे. १३१ म्हणजे सहसा पहिली कंपनी, तिसरी प्लॅटून, पहिला गाडा. पण हा आकडा कितीतरी तुकड्यांत असायचा. नुसत्या आकड्यावरून तुकडी आणि कमांडरचं नाव जाहीर करून टाकणं हा उतावीळपणा झाला.

फोटोची तारीख आणि गाड्याची तारीख एक नव्हे

फ्रान्समधल्या व्हिलेर-बोकाजचं उदाहरण घ्या. १३ जून १९४४ ला त्या गावात झालेल्या लढाईत टायगर आणि पॅन्झर ४ निकामी होऊन रस्त्यातच पडले. ३० जूनला ब्रिटिश विमानांनी गावावर प्रचंड बॉम्बफेक केली, आणि ब्रिटिश सैन्य तिथे परत पोचलं ऑगस्टच्या सुरुवातीला. त्यानंतरच्या फोटोंत तेच गाडे ढिगाऱ्यांच्या मधोमध दिसतात. ते पाहून ‘बॉम्बफेकीत नष्ट झालेले टायगर’ लिहिण्याचा मोह होतो. आजूबाजूची घरं उभी आहेत की पडली आहेत, एवढ्यावरून हे फोटो बॉम्बफेकीआधीचे की नंतरचे याचा अंदाज येतो.

गाड्याच्या अंगावरही तारखा असतात. पँथर पहिल्यांदा लढला जुलै १९४३ मध्ये कुर्स्कला. स्टालिनग्राडची लढाई त्याआधीच संपली होती, म्हणून ‘स्टालिनग्राडचा पँथर’ असूच शकत नाही. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावलेला झिमरिट नावाचा खरबरीत लेप १९४३ च्या उत्तरार्धात आला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये कारखान्यांत बंद झाला. गुळगुळीत अंगाचा पँथर दिसला तर तो त्याआधी किंवा त्यानंतर बनलेला असण्याची शक्यता मोठी. आणि पॅन्झर ४ उघड्या, खडकाळ डोंगरावर असेल तर १९४५ च्या पुढेही नजर टाका : सीरियानं हे गाडे १९६७ पर्यंत गोलान टेकड्यांवर वापरले.

‘उद्ध्वस्त केला’ हे कोण म्हणतं?

या एका शब्दानं जितकी दिशाभूल होते तितकी दुसऱ्या कशानं होत नसेल. इंधन संपलं, गिअर तुटला, मागे ओढून न्यायला वाहन नाही, म्हणून किती तरी गाडे जर्मन सैनिकांनी स्वतःच सोडले आणि स्फोटकांनी उडवून दिले. तोफेच्या नळीचं तोंड केळीच्या सालीसारखं उलगडलेलं दिसलं तर बहुधा तिथे आत स्फोटक ठेवलेलं होतं. ब्रिटिशांच्या क्रमांक २ ऑपरेशनल रिसर्च सेक्शन या लष्करी संशोधन गटानं फ्रान्समधल्या मॉर्तां आणि फालेझला पडलेले गाडे तपासले, तेव्हा विमानांच्या रॉकेटनं फुटलेले गाडे वैमानिकांच्या दाव्यांपेक्षा फारच कमी निघाले.

चिलखतावरची भोकंही लढाईतलीच असतील असं नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकनांनी पकडलेल्या पँथरवर फ्रान्समधल्या इसिन्यी इथे मुद्दाम तोफा डागून चाचण्या घेतल्या. एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या मापांचे तडाखे दिसले, तर आधी चाचणीचा विचार करा. ६ मार्च १९४५ ला जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलसमोर जळालेल्या पँथरसारखी खात्री विरळा. अमेरिकन पर्शिंग रणगाड्यानं त्याच्यावर केलेला मारा अमेरिकन सैन्याचे कॅमेरामन जिम बेट्स यांच्या कॅमेऱ्यानं टिपला आहे.

जागेबद्दलही हीच काळजी घ्या. ट्युनिशियात पकडलेला टायगर १३१ इंग्लंडमधल्या बॉविंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे, जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध पकडलेला गाडा. तो २१ एप्रिल १९४३ ला जेबेल जाफाला पकडला, असं कित्येक वर्षं सांगितलं जायचं. पुढच्या संशोधनानं जागा बदलली आणि तारीखही : ‘ग्वेरियात एल अताच’ ही जागा, २४ एप्रिल ही तारीख.

उलटा छापलेला फोटो

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो कमी नाहीत. पॅन्झर ३, ४, टायगर आणि पँथर या सगळ्यांत चालक डावीकडे बसतो आणि धडातली मशीनगन उजवीकडे असते. म्हणजे समोरून बघताना ती आपल्या डाव्या हाताला दिसायला हवी. पॅन्झर ३८(टी) मध्ये हे नेमकं उलट असतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खास मुद्दा. इटलीत भारतीय डिव्हिजनांबरोबर मराठा पलटणी लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथेच मिळाला. तिथल्या फोटोंत जमिनीच्या पातळीवर नुसता पँथरचा बुरूज दिसला, तर रणगाडा चिखलात रुतला असं लिहू नका. जर्मनांनी इटलीतल्या बचावफळ्यांवर पँथरचे बुरूज जमिनीत पक्के बसवून तोफांची ठाणी केली होती. कुणाच्या घरी असा जुना फोटो असेल तर तो अल्बममधून ओरबाडून काढू नका. मागची बाजू सहज दिसत असेल तर तीही स्कॅन करा; तिथला शिक्का, पेन्सिलीचा आकडा, गावाचं अर्धवट नाव, सगळं जसंच्या तसं उतरवा. आपला अंदाज वेगळ्या ओळीत लिहा, आणि तो अंदाज आहे हेही तिथेच लिहा.