दर महिन्याचा वाचनबेत: विज्ञानकथा-अद्भुतकथा वाचणाऱ्यांनो, या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरातल्या एका घराच्या सोप्यात आम्ही नऊ-दहा जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतो. एक तारखेला प्रत्येकानं या महिन्यात काय वाचणार ते सांगायचं आणि त्या रविवारी वाचून काय वाटलं ते बोलायचं. विषय ठरलेला आहे, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. खानापूर, कडोली, निपाणीकडूनही मंडळी येतात. चार वर्षांत हा उपक्रम दोनदा बंद पडायला आला होता. दोन्ही वेळा पुस्तकं कमी पडली नव्हती. आम्ही बेत चुकीचे सांगत होतो आणि प्रतिक्रिया त्याहून चुकीच्या. तुमच्या गावात असं काही सुरू करणार असाल, तर आमच्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

कॅलेंडर न बघता बेत आखणं

पहिल्या वर्षी आम्ही जुलैला चारशे पानांची कादंबरी घेतली. खानापूर भागातली मंडळी तेव्हा गुडघाभर चिखलात भाताची रोप लागवड करत होती आणि संध्याकाळी पावसानं वीज गेलेली असायची. कोण वाचणार? मार्चमध्ये घरात दहावीची परीक्षा असते, त्यानंतर गावोगावच्या यात्रा, पै-पाहुणे. आता अशा महिन्यांत आम्ही एकच कथा घेतो आणि जाड पुस्तक दिवाळीनंतर काढतो.

आपला वेगही आधी मोजून घ्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाचायचं, झालेली पानं मोजायची आणि चौपट करायची. तो तुमचा तासाचा वेग. आमच्यातली इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं मराठी वाचताना तासाला बारा-पंधरा पानांवर असतात. त्यांना तीनशे पानांना वीस-पंचवीस तास लागतात. हा हिशेब एक तारखेलाच केला, तर तीस तारखेला कुणाला मान खाली घालून बसावं लागत नाही.

नुसती नावं सांगणं

‘या महिन्यात ही तीन पुस्तकं’ एवढंच सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हेच पुस्तक का, ते एका वाक्यात सांगा. ‘यंत्रमानवाला मन असतं का, हा प्रश्न डोक्यात आहे म्हणून हे घेतलंय’ असं कुणी म्हटलं, की दुसऱ्याला लगेच तसलीच एखादी कथा आठवते आणि बेताला जोड मिळते.

‘भारी आहे’ म्हणून थांबणं

आमचं सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं केलं. खानापूरकडचा एक मुलगा आला आणि म्हणाला, “वाचलो की काकू. भारी आहे.” मी विचारलं, “वाचता वाचता कुठं थांबलास काय?” थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “एके ठिकाणी थांबलो. दुसऱ्या ताऱ्याजवळ गेलेली माणसं घरच्यांशी फोनवर बोलल्यासारखी बोलालेत. ते कसं?”

मग सगळे कागद-पेन घेऊन बसलो. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे 4.2 प्रकाशवर्षांवर. तिथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगानं आला, तरी पृथ्वीवर पोचायला चार वर्षांहून जास्त लागणार. उत्तर परत जायला तेवढीच. ‘जेवलीस का?’ विचारलं, तर ‘हो’ ऐकायला साडेआठ वर्षं थांबायचं. मग लेखकानं हे सोडवलं कसं? पुस्तक पुन्हा उघडलं, तर दुसऱ्या प्रकरणात एका ओळीत त्याचं उत्तर होतं. संदेश प्रकाशापेक्षा वेगानं नेणारं यंत्र, हीच त्या कथेची एकमेव कल्पित गोष्ट होती आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं होतं. मुलानं ती ओळ घाईत ओलांडली होती. त्या दिवशी चहा गार झाला, पण विज्ञानकथा वाचायची कशी हे आम्हाला कळलं. लेखकानं कोणती एक गोष्ट गृहीत धरायला सांगितली ते आधी शोधायचं. मग तिचे परिणाम त्यानं प्रामाणिकपणे ओढत नेले का, ते बघायचं.

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ‘आवडलं का?’ नसतो. ‘कुठं थांबलास?’ हा असतो. लाजरी माणसंही यावर बोलतात.

ओघात एक सांगते. प्रकाशवर्ष म्हणजे काळ नव्हे, अंतर. ‘कित्येक प्रकाशवर्षं उलटली’ असं बोलण्यात सर्रास येतं. प्रकाश एका वर्षात जेवढं जातो तेवढं, म्हणजे सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर.

नाव बघून मत देणं

मोठ्या लेखकाचं पुस्तक असलं, की आपल्याला न आवडलेलं बोलायची चोरी होते आणि नवख्याचं असलं, की चुका काढायला जोर चढतो. जयंत नारळीकर यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. जगविख्यात खगोलशास्त्रज्ञाच्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आम्ही अधूनमधून लेखकाचं नाव झाकून एखादी कथा मोठ्यानं वाचतो. मतं किती बदलतात, ते करून बघा.

अद्भुतकथेला विज्ञानाची पट्टी लावणं

‘असं कुठं होतं काय?’ हा प्रश्न अद्भुतकथेला विचारायचा नसतो. त्या जगाचे स्वतःचे नियम असतात. लेखकानं ते पाळले का, एवढंच बघायचं. आणि अद्भुत म्हणजे लहान मुलांचं, हा समज आपल्या भागात तरी टिकायला नको. जी. ए. कुलकर्णी याच बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. त्यांच्या ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा ओळखीच्या नकाशावर न सापडणाऱ्या जगात घडतात आणि त्या वाचायला पिकलेलं मन लागतं. शेजारच्या कन्नडकडे पाठ फिरवणं ही तर मोठीच चूक. घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातले. लोककथेतून उभ्या राहिलेल्या त्यांच्या ‘सिरिसंपिगे’ नाटकाला 1991 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. कन्नड शाळेत शिकलेल्या एका मैत्रिणीनं ते आम्हाला प्रवेशाप्रवेशानं मराठीत सांगितलं होतं.

शेवट फोडणं

एकदा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, ‘डॉक्टरच शेवटी यंत्रमानव निघतो.’ दोनशे पानं मी त्या डॉक्टरकडे संशयानं बघत राहिले. पुस्तकातलं कोडं माझ्यापुरतं संपलं होतं. आम्ही आता बोलायच्या आधी ‘सातव्या प्रकरणापर्यंत’ असं सांगतो. पान क्रमांक सांगू नका. वाचनालयातली जुनी आवृत्ती आणि दुकानातली नवी यांची पानं जुळत नाहीत.

अर्धवट सोडलेलं लपवणं

पुस्तक सोडलं, तर कुठं आणि का ते सांगा. तिघांनी एकाच प्रकरणात सोडलं असेल, तर तिथंच बोलण्यासारखं काहीतरी आहे. एकदा असं तिसरं प्रकरण आम्ही मिळून वाचलं आणि अडचण निघाली ती फक्त पात्रांच्या परक्या नावांची. वहीच्या मागच्या पानावर कोण कुणाचं कोण ते लिहून काढलं. तिघांपैकी दोघींनी पुस्तक पुरं केलं.

या जुलैचा आमचा बेत एकट्या ‘इस्किलार’चा आहे. खानापूरची मंडळी रोप लागवड आटोपून येतील, तोवर शहापूरकरांनी शेवट बोलायचा नाही, असं ठरलंय.