मर्सिडीज-बेंझ ६०० पारखताना

मर्सिडीज-बेंझ ६०० ही गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली आणि १९८१ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या सगळ्या काळात मिळून केवळ २,६७७ गाड्या तयार झाल्या. अशी जुनी गाडी विकत घेण्यासाठी पाहायला गेल्यावर नजर साहजिकच आधी रंगावर, क्रोमवर आणि चामड्याच्या आसनांवर जाते. परंतु रंग नव्याने देता येतो, आसनेही नव्याने मढवता येतात. या गाडीचे खरे आरोग्य डोळ्यांआड असलेल्या हवेच्या आणि तेलाच्या नळ्यांत असते. म्हणून तपासणीची सुरुवात तेथूनच करावी.

ही रचना का झाली हे समजून घेतल्यास पुढची तपासणी सोपी जाते. युद्धानंतर जर्मन चान्सेलर कोनराड आडेनाउअर यांच्या नावाने ओळखली गेलेली मर्सिडीज ३०० ही गाडी १९५१ मध्ये आली होती आणि तिची जागा घेणारी गाडी कोणत्याही बाबतीत कमी पडू नये, असा निर्धार मुख्य अभियंता फ्रिट्झ नालिंगर यांच्या हाताखालच्या मंडळींनी केला होता. काचा, आसने आणि डिकीचे झाकण यांत्रिक शक्तीने हलावे, पण त्याचा आवाज आतल्या माणसाला ऐकू येऊ नये, ही त्यांची अट होती. त्या काळातील विजेच्या मोटारी आवाज करत आणि दारात जागाही अडवत, म्हणून त्यांनी इंजिनावर चालणारा पंप बसवून सुमारे १५० बार दाबाचे तेल गाडीभर फिरवले. या गाडीत काचेचे बटण हे विजेचे बटण नसून तेलाचा व्हॉल्व्हच आहे. ते हलके दाबले तर काच सावकाश सरकते आणि जोराने दाबले तर झपाट्याने.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी चॅसिस क्रमांक मागवून घ्यावा. आखूड गाडीचा क्रमांक १००.०१२ ने सुरू होतो आणि चार दारांच्या लांब पुलमन गाडीचा १००.०१४ ने, पहिलीच्या चाकांमधील अंतर ३.२ मीटर आहे, दुसरीच्या ३.९ मीटर. कारखान्याच्या डेटा कार्डाशी, म्हणजे गाडीच्या मूळ नोंदपत्राशी, इंजिनाचा क्रमांक आणि मूळ रंग पडताळून घेतले, की कागदपत्रांचे काम बहुतांशी आटोपते.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू करण्याआधी दाखवावी, अशी विनंती विक्रेत्याला आधीच करावी. आपण पोहोचल्यावर बॉनेट उबदार लागले, तर त्या दिवशीची तपासणी अपुरी समजावी. प्रथम दहा पावले मागे उभे राहून गाडी जमिनीपासून किती उंच आहे ते पाहावे. या गाडीला नेहमीच्या स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी बेलोज आहेत आणि उंची राखणारे व्हॉल्व्ह पुढच्या बाजूस दोन, मागे एक असे आहेत. त्यामुळे पुढचा एकच कोपरा बसलेला असेल तर त्या बाजूचा बेलोज किंवा व्हॉल्व्ह यांच्यावर संशय घ्यावा, मागचा भाग सरळ रेषेत खाली गेला असेल तर मागच्या व्हॉल्व्हपासून शोध सुरू करावा आणि चारही कोपरे खाली असतील तर हवेच्या टाकीकडे व मुख्य नळीकडे पाहावे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, की गळती बुडबुड्यांनी स्वतःच दिसते. टाकीत साचलेले पाणी वेळोवेळी काढले आहे का, हेही विचारावे, कारण ओलाव्याने व्हॉल्व्ह आतून गंजतात. सुमारे अडीच टनांची ही गाडी केवळ हवेच्या आधारावर उभी असते. भक्कम टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली हातही घालू नये.

यानंतर इंजिन सुरू करून काही मिनिटे चालू द्यावे व बंद करावे. आता प्रत्येक काच एकेकदा खाली-वर करून पाहावी. दाबाचे तेल साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर ठीक असेल तर इंजिन बंद असतानाही काचा बऱ्याच वेळा हलतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच वेग मंदावला तर साठा टिकत नाही, हे उघड आहे. चारांपैकी एकच काच आळसावलेली असेल तर दोष त्या दारातील व्हॉल्व्हचा किंवा सिलिंडरचा असतो. दाराच्या आतल्या अस्तराचा खालचा काठ, पायाखालचा गालिचा आणि आसनांची बैठक यांवर तेलाचे डाग शोधावेत. हे डाग नुसते कुरूप म्हणून नव्हे, तर गळती किती जुनी आहे हे सांगतात म्हणून महत्त्वाचे आहेत. काचा-आसने हलवणाऱ्या या यंत्रणेच्या तेलटाकीत कोणते तेल घातले आहे, हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. नियमपुस्तिकेत नेमून दिलेल्या तेलाऐवजी दुसरेच काही ओतले असेल, तर गाडीभरातील रबरी सील फुगतात आणि एकामागून एक निकामी होतात.

येथे दोन सूचना गांभीर्याने घ्याव्यात. काच वर जाताना मध्ये बोट आले तरी ती थांबत नाही, म्हणून मुलांना बटणांपासून दूर ठेवावे. आणि दाब पूर्ण सोडल्याशिवाय कोणताही सांधा सैल करू नये, कारण या दाबाच्या तेलाची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

६,३३२ घन सेंटिमीटरचे व्ही-८ इंजिन त्या मानाने सोशिक आहे. बॉशच्या यांत्रिक इंजेक्शन पंपासह ते २५० अश्वशक्ती देते आणि तशी जड गाडी ताशी २०० किलोमीटरच्या पुढे नेते. थंड असताना सुरू होताच टायमिंग चेनची (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणाऱ्या साखळीची) खडखड फार वेळ राहते का, आणि तापल्यावर इंजिन संथपणे फिरते का, हे कान देऊन ऐकावे. याच कुळातील इंजिन १९६८ च्या ३०० एसईएल ६.३ मध्ये होते, ही गोष्ट सुटे भाग शोधताना उपयोगी पडते.

चालवून पाहताना चार वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स काहीसा ठाम धक्का देऊन वेग बदलतो. त्यात टॉर्क कन्व्हर्टर (जोर वाढवून देणारा तेलाचा जोड) नसून साधा द्रव-क्लच आहे, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला दोष देऊ नये; घसरण किंवा विलंब जाणवला तर मात्र तो दोषच आहे. पुढच्या प्रत्येक ब्रेक-डिस्कला तिला आवळून धरणारे दोन कॅलिपर आहेत, तेव्हा ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली तर चारही कॅलिपर पाहावे लागतील. स्टिअरिंगच्या दांड्यावरील लीव्हरने शॉक अ‍ॅब्सॉर्बर कडक व नरम करून, एकाच खडबडीत रस्त्यावरून दोनदा जावे. फरक जाणवायलाच हवा.

परत आल्यावर गाडी सपाट जागी उभी करावी, खाली कोरा पुठ्ठा अंथरावा आणि दोन तासांनी त्यावरील थेंब, गाडीची उंची आणि काचांची चाल पुन्हा तपासून सकाळच्या नोंदींशी ताडून पाहावी.