केस रोवले, पण धीर कुठे आहे? हेअर ट्रान्सप्लांटनंतरच्या या चुका टाळा

"ताई, केस गळून रायले! पैसे बुडाले का?"

हा फोन मला इतक्यांदा आलाय की आता नाव विचारायच्या आधी मी विचारते, "कितवा आठवडा?" समोरून "चौथा" असं उत्तर आलं की मी पोळी लाटता लाटताच पुढचं बोलते.

मी नागपुरात एका त्वचारोगतज्ज्ञांकडे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. माहेर पवनी तालुक्यातलं. त्यामुळे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा पेशंट आला की डॉक्टर त्याला माझ्याकडे पाठवतात, "तुमच्याकडचा आहे, तुम्हीच समजवा." मी समजावते. तो मान डोलावतो, कागद घडी करून खिशात घालतो आणि घरी जाऊन नेमकं तेच करतो, जे करू नको म्हणून सांगितलं.

डोकं न धुणं

लोक समजतात, धुतलं की केस वाहून जातील. खरं नुकसान मी न धुतल्यानेच जास्त झालेलं पाहिलंय.

लाखांदूरकडचा एक पोरगा होता, सव्वीस वर्षांचा. ऑपरेशन झकास झालं. तिसऱ्या दिवशी पहिलं धुणं आमच्याकडे होतं, पण याला गाडी मिळत होती म्हणून दुसऱ्याच दिवशी गावी गेला. "घरीच धुतो ना ताई." चौदाव्या दिवशी फोटो आला. फोटो पाहून मी हातातला चहा खाली ठेवला. डोक्यावर पिवळट-काळा थर, शेणाने सारवलेली भिंत उन्हात वाळावी तसा भेगाळलेला. मायने तेरा दिवस पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. "जखमेले पाणी लागलं का पिकते," हे तिचं म्हणणं. त्यावर रोज हळद आणि खोबरेल तेल.

दुसऱ्या दिवशी तो आला. सलाइनमध्ये भिजवलेला गॉज ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, सुटेल तेवढीच खपली काढायची, पुन्हा गॉज. दीड तास लागला. खाली तीन-चार जागी पू होता. वर्षभरानंतर बाकी डोकं छान भरलं, पण उजव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा चट्टा राहिला तो राहिलाच.

माझी चूक सांगते. आम्ही दिलेला कागद इंग्रजीत होता. पोरगा वाचू शकत होता, पण डोक्याची काळजी घेणार होती माय. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून सोबत जे कुणी आलं असेल, माय, बायको, मावशी, त्यांना मी आत बोलावते. हातात पाण्याचा मग देते आणि आधी स्वतःच्या मनगटावर पाणी ओतायला लावते. धार किती हळू हवी ते हाताला कळतं, कागदाला नाही. शाम्पूचा फेस आधी तळहातावर करायचा, तो डोक्यावर नुसता ठेवायचा, चोळायचं नाही. पाच मिनिटांनी मगाने पाणी. नळाखाली डोकं घालायचं नाही, बोअरच्या मोटारीखाली तर नाहीच नाही. (हसू नका, एकाने घातलंय.) आठव्या दिवसापासून बोटांच्या पेरांनी अलगद गोल फिरवायचं, नख लावायचं नाही. दहा-बारा दिवसांत खपल्या निघून डोकं स्वच्छ दिसायला हवं. तोवर कलमांनी, म्हणजे लावलेल्या केसांनी, मुळं धरलेली असतात, धुतल्याने ती निघत नाहीत. पहिल्या काही दिवसांत मात्र घासलं, खाजवलं आणि रक्ताचा थेंब आला, तर तेवढं कलम गेलं समजायचं.

तुमच्या डॉक्टरांचे दिवस एखाद-दोन दिवसांनी वेगळे असतील. त्यांचंच ऐका, शेजाऱ्याचं नको.

लग्नाची तारीख धरून येणारे

हे तर दरवर्षीचं आहे. वैशाखात लग्न, नवरदेव माघात येतो. "दोन महिने आहेत ना ताई, तोवर येतीलच." नाही येत बाबा.

माझ्या आतेभावाचंच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाईट वाटायचं नाही. होळीच्या थोडं आधी केलं, लग्न एप्रिलमध्ये. मी नको म्हटलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस उशीवर. त्यांच्या आसपासचे जुने बारीक केसही काही गेले, कारण ऑपरेशनचा धक्का त्यांनाही बसतो. हळदीच्या दिवशी पुढून टाळू आधीपेक्षा रिकामी आणि वरून गुलाबी. "होते ते बी गेले," असं म्हणत तो मांडवामागे बसून होता. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत डोक्यावर फेटा आहे, जेवतानाच्याही.

आमच्याकडच्यांना मी धानाचं सांगते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत रोवले की आधी ते पिवळे पडतात, माना टाकतात. नवखा माणूस घाबरतो, बाप घाबरत नाही. इथंही तसंच, फक्त दिवसांच्या जागी महिने. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेला केस गळतो. त्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, त्याला लोक मूळ समजतात. रक्त नसेल तर मूळ आतच आहे, गळाली ती काडी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव फुटते, सहाव्यात लोकांच्या नजरेत येते, खरा निकाल बारा महिन्यांनी. मागच्या भोवऱ्याला कधी कधी दीड वर्षही लागतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास पुटकुळ्या येतात, केस बाहेर यायला वाट शोधत असतो म्हणून. फोडायच्या नाहीत. खूप आल्या तर दाखवायला यायचं.

आतेभाऊ दिवाळीला आला तेव्हा भांग पाडून आला होता. मधल्या काळात कांद्याचा रस, कोरफड, कसलीशी जडीबुटी, सगळं करून झालं होतं. श्रेय त्याने कांद्याला दिलं.

म्हणून माझा हिशेब असा, की लग्न जमायच्या आधी या, नाहीतर लग्न उरकून या. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनाही हेच. वडसाकडचा एक कलाकार सीझन तोंडावर असताना करून गेला आणि बाराव्या दिवशी गोंदाने विग चिकटवून राजा झाला. विग काढताना काय काय निघालं ते इथं लिहीत नाही.

खर्रा

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. यावर मी बोलले की पेशंट जमिनीकडे पाहतात. निकोटीनने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. नुकतं लावलेलं कलम सुरुवातीला आजूबाजूच्या रक्तावरच जगतं. ते रक्तच कमी पडलं तर कलम जगेल कशावर? सिगारेट पीत नाही, फक्त खर्रा खातो, असं म्हणणारे मला रोज भेटतात. तंबाखू ती तंबाखूच. आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे बंद, निदान एवढं तरी. एकाने विचारलं, "सुपारी जास्त, तंबाखू कमी टाकला तर?" मी उत्तर दिलं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) लपवू नका. आपल्या भागात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो, तरी "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" हे उत्तर मिळतं. आणि हृदयाची गोळी मनानेच बंद करून येऊ नका, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

दुपट्टा आवळून बांधून मोटरसायकलवर गावी जाऊ नका. हेल्मेटही पहिले दहा-पंधरा दिवस नाही, म्हणून गाडी चालवायचीच नाही. मागे बसणंही नाही.

एप्रिल-मेच्या पंचेचाळीस डिग्रीत करायची हौस कशाला? ऊन, घाम आणि धूळ तिन्ही वाईट. रोवणीच्या तोंडावरही नको. चिखलात वाकून काम दोन आठवडे करता येत नाही, आणि घरचे ऐकत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते. भिऊ नका, ओसरते. पाठीमागे गोधड्यांची चवड लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा. बर्फ कपाळावर फिरवा, कलमांवर नाही.

बापाचे किंवा भावाचे केस लावता येत नाहीत. शरीर परकं कलम नाकारतं. स्वतःच्याच डोक्याच्या मागचे लागतात, आणि तो साठा संपणारा आहे. म्हणून एकविसाव्या वर्षी हिरोसारखी कपाळपट्टी खाली ओढून मागणाऱ्या पोरांना आमचे डॉक्टर परत पाठवतात. पुढे मागचं टक्कल वाढत गेलं की भरायला काही उरत नाही, आणि समोर केसांचं बेट दिसतं.

लावलेले केस टिकतात, पण आधीचे गळायचे थांबत नाहीत. डॉक्टरांनी गोळी किंवा मिनॉक्सिडिल (केसगळतीवरचं औषध) दिलं असेल तर ते "आता कशाला" म्हणून बंद करू नका.

ज्यांना ट्रान्सप्लांट लागतच नाही

टायफॉइड, डेंग्यू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठ मूठ केस जातात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात. चाई पडली असेल, म्हणजे गोल चट्ट्यांत केस गेले असतील, तर त्याचा इलाज वेगळा. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत 2024 च्या डिसेंबरअखेर आणि 2025 च्या जानेवारीत लोकांचे केस चार-चार दिवसांत गेले, तेव्हा आमच्याकडेही "ट्रान्सप्लांट कितीत होते" असे फोन आले होते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तेव्हा रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. असं अचानक गेलं की आधी कारण शोधायचं. मशीन घेऊन बसलेला प्रत्येकजण तुम्हाला परत पाठवेल असं नाही.

आणि मशीन घेऊन कोण बसलंय तेही पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगितलंय, की यूट्यूब पाहून किंवा वर्कशॉपला हजेरी लावून हे करता येत नाही, शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण हवं. माझ्यासारखे मदतनीस कलमं मोजतात, हातात देतात, पण डॉक्टर खोलीत हवा. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. बैल घेताना दात पाहताच की.

रात्री-बेरात्री फोन कशासाठी करायचा, तर ताप, पू, दाबून धरूनही न थांबणारं रक्त, किंवा कातडी काळी पडायला लागली तर. केस गळाले म्हणून नाही. आणि फोटो पाठवायचा असेल तर दिवसा, अंगणात, डोकं कोरडं करून. न्हाणीतल्या पिवळ्या बल्बखाली ओल्या डोक्याचा काढला की मलाही टक्कलच दिसतं.